खोकला आणि केवडा

मला वास येत नाही. हे वाक्य आता मी डॉक्टरपासून दूधवाल्यापर्यंत कुणालाही सांगते. नातवंडं तर घरी आलेल्या मित्रांना माझी ओळखच तशी करून देतात, "ही आमची आजी, हिच्यासमोर बिनधास्त मोजे काढा." पण हेच चार शब्द एकेकाळी तोंडातून काढायला मला सहा वर्षं लागली होती. आणि काढले तेव्हा पाय असे लटपटले की मी झेंडूच्या पाटीत बसले. खरोखर बसले. पाटी होणाऱ्या सासूची होती.

तेरा वर्षांची असताना मी कांद्याच्या ट्रॉलीवरून पडले. माहेर लासलगावचं, वडील मार्केट यार्डात तोलाईचं काम करायचे. लिलावाला ट्रॅक्टर रांगेत लागले की एका ट्रॉलीतून दुसरीत उड्या मारत टोक गाठायचं, हा आमचा खेळ. मुलीच्या जातीला हे शोभत नाही असं सगळे म्हणायचे, म्हणून मी जरा लांबच उड्या मारायचे. त्यातली एक आखूड पडली. डोक्याची मागची बाजू ट्रॉलीच्या लोखंडी फाळक्यावर आपटली, चार दिवस गरगरलं, उलट्या झाल्या, मग बरं वाटलं. आठवड्याभरानं चुलीवर दूध करपत होतं आणि मी त्याच्या शेजारी बसून शांतपणे भूगोल वाचत होते. आई धावत आली. "नाक हाय का नुसतंच भोक?" तेव्हा आम्हा दोघींना कळलं.

कांदा चिरला की डोळ्यांना धार लागायची, पण कांद्याचा वास नाही. मिरचीच्या फोडणीनं ठसका लागायचा, फोडणीचा वास नाही. कापूर नाकाशी धरला तर आत गार व्हायचं, तेवढंच. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. अजून वाट बघतेय.

आईनं मला बजावून ठेवलं. "कुठं बोलायचं नाय. नाक जागेवर हाय, सरळ हाय, लोक काय आत डोकावून बघणार हायेत? सांगितलंस तर म्हणतील, पोरगी डोक्यावर पडलेली हाय."

"पण मी पडलेच होते ना डोक्यावर."

"म्हणून तर गप बस."

शहात्तर-सत्त्याहत्तरच्या सुमाराला, मी एकोणीस वर्षांची असताना, नाशिकचं स्थळ आलं. पाहुण्यांनी मला चालून दाखवायला लावलं, सुईत दोरा ओवायला लावला, वर्तमानपत्रातला बाजारभाव वाचायला लावला. डोळे, पाय, जीभ, सगळं तपासून झालं. नाकाबद्दल कुणी विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. "न विचारलेलं न सांगणं म्हंजे काय खोटं नव्हं," आई म्हणाली. मुलगा मला आवडला होता. म्हणजे त्याच्या चपला मला आवडल्या होत्या, कारण चपलांच्या वर बघायची माझी हिंमत झाली नव्हती. चपलांना चिखल होता आणि तो त्यानं लपवला नव्हता.

साखरपुडा झाला, आणि मग मला त्या घराची खरी माहिती कळली. जिल्ह्यात द्राक्षवाले होते, उसवाले होते. माझ्या नशिबी आले फुलवाले. मखमलाबाद रस्त्याला त्यांचा मळा होता, गुलछडीचा, गुलाबाचा, झेंडूचा. त्या घरची माणसं फुलं नाकानंच ओळखायची, डोळे फक्त वाट बघायला वापरायची.

पुढचं पोस्टकार्ड आलं ते असं: मुलीला अत्तर निवडायला घेऊन येणे.

त्या घरात रीतच होती. येणाऱ्या सुनेनं लग्नाआधी आपलं अत्तर स्वतः निवडायचं. मांडवाच्या दाराशी तेच पाहुण्यांच्या हाताला लागायचं, लग्न लागल्यावर नव्या नवरीनं तेच आपल्या हातानं दोन्ही विहिणींना लावायचं, आणि मग जन्मभर दिवाळीच्या पहाटे तिच्या तेलात तेच दोन थेंब. आजेसासूचा हिना, सासूचा खस, थोरल्या जावेचा मोगरा. म्हणे अंधारातसुद्धा कोण बाई खोलीतून गेली ते कळायचं. आई हे पोस्टकार्ड वाचत होती आणि माझ्या हातातलं ताट खाली गेलं. ताटात काही नव्हतं, हे त्यातल्या त्यात बरं.

"मोडणार," मी म्हटलं. "लग्न मोडणार."

"मोडतंय कशाला? मी हाय ना संगं," आई म्हणाली. तिनं तिथल्या तिथे बेत रचला. दुकानात ती माझ्या मागे बसणार. प्रत्येक अत्तर ती हुंगणार. चांगलं असेल तर एकदा खोकणार. ती खोकली की मी म्हणायचं, छान. नाही खोकली तर नाक मुरडायचं.

"आणि दोनदा खोकलीस तर?"

"दोनदा कशाला खोकंन? मला काय दमा हाय?"

त्या शहाण्या मुलीला हा बेत पटला! आज मला तिचं हसू येतं, पण तेव्हा ती दिवसभर आईच्या खोकल्यावर 'छान' म्हणायची तालीम करत होती. वडिलांना वाटलं, आईला छातीचं काहीतरी झालंय आणि पोरगी वेडी झालीय.

नाशिकला आम्ही दोघी सकाळच्या गाडीनं निघालो. एस. टी.त खिडकीशी बसून मी निफाडपर्यंत देवाला नाकासाठी प्रार्थना केली, आणि निफाडच्या पुढे, नाक नको, निदान गाडी बंद पाड, अशी. गाडी वेळेच्या आधी पोचली. त्या मार्गावर असं कधी होत नाही.

होणाऱ्या सासूबाई स्टँडवर उभ्या होत्या. उंच, काळ्यासावळ्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. त्यांनी मला जवळ घेतलं, माझ्या केसांशी नाक नेलं आणि म्हणाल्या, "शिकेकाई. चांगलीये." या बाईला माझ्या डोक्यावरून आमच्या न्हाणीघरातलं कळत होतं, आत चाललंय ते कळायला कितीसा वेळ लागणार?

दुकान भद्रकालीजवळच्या एका बोळात होतं. भिंतभर कुप्या, गादीवर पांढऱ्या दाढीचे अत्तरवाले चाचा. तीन सुना या घरातल्या त्यांच्याच दुकानातून गेलेल्या.

"आओ बेटी," ते म्हणाले. "आधी श्वास सोडा. मग घ्या. घाई करायची नाही. अत्तर पण तुम्हाला बघतंय."

हे ऐकून तर माझे हात घामानं इतके भिजले की त्यांनी काचेच्या काडीनं लावलेला पहिला थेंब मनगटावरून ओघळून कोपरापर्यंत गेला. मी हात नाकाशी नेला. कान मागे. आई गप्प. मी जोरात नाक मुरडलं.

"हिना हाय," आत्याबाई हळूच म्हणाल्या. "आमच्या आत्याबाईंचा, म्हंजे तुझ्या आजेसासूचा."

दुसऱ्या थेंबाला आई खोकली. "वा, छान!" मी म्हटलं. जरा मोठ्यानंच म्हटलं असावं, कारण बोळातून जाणारा सायकलवाला आत डोकावला.

"छान तर हायच," आत्याबाई म्हणाल्या, "पण हा थोरलीचा मोगरा. एका घरात दोन मोगरे नको. पुढचं बघ."

तरी बेत चालत होता. चाचांनी तिसरी कुपी काढली. तेवढ्यात एक हलवाई घाईघाईत आला. त्याला मिठाईत घालायला काहीतरी हवं होतं. चाचांनी मागची मोठी बाटली उतरवली, उघडली, माझ्यासमोरच्या कुप्यांच्या शेजारी ठेवली आणि त्याच्यासाठी लहान शिशी शोधायला वळले. आई खोकली. मी तोंड उघडलं. तर दुसरा खोकला. मग तिसरा, चौथा, नुसती माळ लागली. मला वाटलं, आईला जन्मात आवडलं नसेल असं काहीतरी आवडलंय. एका खोकल्याला 'छान', तर चार खोकल्यांना काय म्हणायचं? मी समोर उघडी दिसली ती बाटली दोन्ही हातांनी धरली.

"हेच! आत्याबाई, मला हेच पाहिजे. दुसरं काही दाखवूच नका."

हलवायानं माझ्याकडे बघितलं. चाचा शिशी हातात धरून तसेच थांबले.

"बेटी," ते म्हणाले, "ती यांची बाटली आहे. केवडा."

"केवडा?" आत्याबाईंचा चेहरा विझला. "तुला केवडा आवडतो?"

इथं तरी त्या ठमीनं थांबावं की नाही? पण घाबरलेला माणूस आणि उताराला लागलेली बैलगाडी सारखीच. "हो," मी म्हटलं. "लहानपणापासून. आमच्याकडे गणपतीत असतो ना."

चाचांनी बाटलीला बूच लावलं. माझ्याकडे न बघता, अगदी हळू म्हणाले, "केवडा उंबऱ्यावर उभं राहिलं तरी कळतो, बेटी. हात लावून मागायला लागत नाही."

आत्याबाईंनी ते ऐकलं का, मला कळलं नाही. त्या उठल्या. "अत्तर आज ऱ्हाऊ द्या, चाचा. चला विहीणबाई, मळ्यावर. जेवायची वेळ झाली."

त्या टांगेवाल्याशी बोलायला पुढे गेल्या तेवढ्यात आईनं माझ्या दंडाला चिमटा काढला. "केवडा? बया, त्यांच्यात केवडा चालत नाय! महादेवाचं घर हाय त्यांचं!"

"तू खोकलीस म्हणून तर!"

"मेले, तो खरा खोकला होता! त्या वासानं माझा जीव गुदमरला!"

टांगा निघाला. घोड्याच्या टापा मी मोजत होते. आत्याबाई रस्त्याकडे बघत होत्या, आणि मला एकच दिसत होतं: साखरपुड्याची साडी घडी घालून परत चालली आहे.

मळ्यावर पिठलं-भाकरी झाली. मग पडवीत पोत्यावर झेंडूचा ढीग पडला होता तिथं सगळ्या बसल्या. थोरली जाऊ फुलं निवडून शेजारच्या पाटीत टाकत होती. तिनं लगेच विचारलं, "कोणतं घेतलं वो?"

"केवडा मागितला पोरीनं," आत्याबाई म्हणाल्या.

"अगं बाई! अन् आपल्यात?"

"तिला काय ठावं? तिला कुणी सांगितलंय?" आत्याबाई फुलं निवडत राहिल्या. आवाजात राग नव्हता, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. "ऐक पोरी. एकदा महादेवानं आभाळापातूर खांब उभा केला. ब्रह्मदेव म्हणला, मी त्याचं टोक पाहिलं. पाहिलं तर नव्हतं. मग त्यानं केवड्याला साक्षीला आणलं. केवड्यानं बघितलं नव्हतं अन् सांगितलं, हो, मी बघितलं. तवापासून महादेवाच्या पिंडीवर केवडा नाय. वासात तर काय उणं नाय त्याच्या. पण खोटी साक्ष दिली ना."

ही गोष्ट मी आधीही ऐकली होती. पण आधी ती केवड्याची होती. आता प्रत्येक वाक्य माझ्याच अंगावर येत होतं. जे हुंगलं नाही त्याला मी छान म्हणाले होते. आणि ही बाई मला जन्मभर रोज फुलं हुंगायला सांगणार होती, आणि मी रोज साक्ष देणार होते, आणि आई काही रोज मागे बसून खोकणार नव्हती.

"आत्याबाई," मी उभी राहिले.

आई खोकली. हा मात्र खराखुरा इशारा होता: गप बस.

"आत्याबाई, मला…"

आई अशी खोकली की जावेनं पाण्याचा तांब्या पुढे केला.

"मला वास येत नाही," मी म्हटलं, आणि पाटीत बसले.

जावेच्या हातातला तांब्या तिथंच. आत्याबाई माझ्याकडे बघत होत्या, आणि मला वाटलं, आता या ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"ऊठ आधी," त्या म्हणाल्या. "माल दबतोय."

मी उठले. मागे दोन-तीन झेंडू चिकटले होते.

"कवापासून?"

"तेरा वर्षांची होते."

"जन्माचं नाय ना? म्हंजे पोराबाळांना…"

"नाही. पडले होते."

"पाटी आतून तापली, फुलं सडायला लागली, तर तुला कळायचं नाय."

"हात घालून बघेन. गरम लागतं."

"अन् घरात रॉकेल सांडलं तर?"

मी ते कधी स्वतःलाही विचारलं नव्हतं. "कळणार नाही," मी म्हटलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला लग्न मोडण्यापेक्षा वेगळीच भीती वाटली.

आत्याबाईंनी हात झटकले. "ह्ये माझ्या ठरवण्याचं नाय. ज्याला संसार करायचाय त्याला सांग. तो तिकडं गुलछडीत पाणी भरतोय. जा."

पडवीपासून गुलछडीपर्यंत शंभर पावलंसुद्धा नसतील. मी त्यांत तीनदा मागे वळायचा विचार केला. तो फावड्यानं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवत होता. मी पाटाच्या अलीकडे उभी राहिले आणि एका दमात सगळं सांगितलं, ट्रॉली, आई, खोकला, केवडा. सगळं त्याच्या पायांकडे बघून. पाय चिखलात घोट्यापर्यंत होते.

"काहीच येत नाही?"

"नाही."

"या फुलांचाही?"

"नाही. पांढरी दिसतात."

तो शेताकडे बघत राहिला. जसं काही त्याला कुणी सांगितलंय की हे शेत इथं नाहीच. मला त्याची दया आली, आणि स्वतःचीही.

"काहीतरी कळत असेल," तो म्हणाला.

"कापूर. वास नाही येत. आत गार लागतं."

"बरं," तो म्हणाला, आणि वाफा फुटत होता म्हणून तिकडे धावला.

त्या 'बरं'चा अर्थ लावण्यात माझे पुढचे नऊ दिवस गेले. 'बरं, ठीक आहे' की 'बरं, या आता'? खरं बोललं की मन हलकं होतं म्हणतात. कोण म्हणतं त्याला माझ्यासमोर आणा. माझ्या तर छातीवर कांद्याची गोणी ठेवल्यासारखं झालं होतं. आई माझ्याशी भांड्यांच्या आवाजातून बोलत होती. वडिलांना तिनं सांगितलं, तर ते फक्त म्हणाले, "सहा वर्षं ही गोष्ट घरात होती अन् मला आज कळतंय?" आणि दोन दिवस जेवले नाहीत. साखरपुड्याची साडी आईनं घडी घालून पिशवीत भरून दारामागे खुंटीला लावली. येता-जाता ती पिशवी मला दिसायची. पोस्टमन गल्लीत शिरला की मी न्हाणीघरात जाऊन कडी लावायचे.

पोस्टमन आलाच नाही. दहाव्या दिवशी दुपारी फुलांचा टेम्पो आला. ड्रायव्हरनं वर्तमानपत्राची पुडी आईच्या हातात दिली, "नाशिकहून हाय," आणि गेला. चिठ्ठी नाही. पुडीत झेंडूच्या पाकळ्या, आणि पाकळ्यांत एक लहानशी कुपी.

"अत्तर?" आई म्हणाली. "आता ह्ये कशाला? थट्टा करत्यात का आपली?"

मी दातांनी बूच ओढलं. निघालं. आणि बघा सवय कशी असते. समोर आईशिवाय कुणी नव्हतं, तरी त्या मुलीनं कुपी नाकाशी नेली, डोळे मिटले आणि खोटं खोटं हुंगलं.

गार. नाकातून आत, कपाळाच्या मागे, थेट टाळूपर्यंत गार.

"वास आला?" आईनं विचारलं.

"नाही."

"मग डोळ्यांत पाणी कशाला?"

"कापूर आहे."

आईनं कुपी घेतली, हुंगली. मग दारामागची पिशवी काढली आणि साडी उलगडून उन्हात टाकली.

नंतर मला कळलं, माझ्या होणाऱ्या नवऱ्यानं चाचांशी दोन दिवस हुज्जत घातली होती. चाचा म्हणत होते, चंदनाच्या अत्तरात कापूर घातला तर तो चंदनाला खाऊन टाकेल, माझ्या दुकानाचं नाव जाईल. हा म्हणाला, खाऊ दे. आत्याबाईंनी निकाल दिला, "महादेव कापरासारखाच गोरा हाय. चालतंय." आणि मी त्या घरात आले तेव्हा रॉकेलचा डबा चुलीपासून उचलून पडवीत, येता-जाता दिसेल असा ठेवला होता. त्याबद्दल मला कुणी कधी काही बोललं नाही. आजही, गॅस येऊन इतकी वर्षं झाली, तरी मी झोपण्याआधी शेगडीच्या बटणाला हात लावून बघते.

लग्नात मात्र फजितीच झाली. मांडवाच्या दाराशी अत्तर लागलं की म्हातारी माणसं हात जोडायला लागली. एक आजोबा तर आरतीच्या टाळ्या वाजवायला लागले. जाऊबाई म्हणाल्या, "सगळ्या वऱ्हाडाला ट्रंकेतून आत्ताच काढल्यासारखा वास येतोय." मी मुंडावळ्यांआडून घाबरून बघत होते, कुणी नाव ठेवतंय का. ठेवत होते. पण कुणी परत चाललं नव्हतं.

अक्षता पडल्या, आणि विहिणींना अत्तर लावायची वेळ आली. मी आधी सासूबाईंच्या हाताला लावलं. त्यांनी मनगट नाकाशी नेलं, माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. मग आईच्या हाताला लावलं. तिनं हात नाकाशी नेला, जोरात श्वास घेतला, आणि खोकली.

"वा, छान!" माझ्या तोंडून निघून गेलं.